नातवाचे डोके

2017 च्या पावसाळ्यात आमची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, माणगावला आली. जावई कुवेतला नोकरीला. जुलैमध्ये तिला मुलगा झाला. घरात आनंदीआनंद झाला. सातव्या दिवशी अकीका ठेवला. दोन बोकड आणले, गोरेगाव-म्हसळ्याचे पाहुणे आले, बाहेर पाऊस कोसळत असताना पडवीत बसून न्हाव्याने बाळाचे जावळ उतरवले. त्या केसांच्या वजनाची चांदी सदका म्हणून द्यायची, म्हणून आम्ही ताटली घेऊन शेजारीच बसलो होतो.

जावळ उतरले आणि डोके उघडे पडले. ते पुढून मागे लांबट होते. दोन्ही कानांच्या वर जणू कुणी तळहातांनी दाबल्यासारखे अरुंद. कपाळ पुढे आलेले, मागची बाजूही बाहेर निघालेली. न्हाव्याचा वस्तरा टाळूच्या मागे आला तेव्हा जरा अडखळला. तिथे मधोमध बोटाला लागेल अशी एक उंच रेघ होती. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही ताटलीकडे पाहिले. मग डोक्याला केशर लावले, नाव जाहीर झाले, दुआ झाली, जेवणे उठली. त्या दिवशी निदान वीस माणसांनी ते डोके पाहिले असेल. कुणी काही बोलले नाही. सर्वांत आधी आम्हीच बोलायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी मालिश करायला दाई आली. पन्नास वर्षे तिने या गावातली मुले न्हाऊ-माखू घातलेली. ती म्हणाली, "कायी होत नाय. बाळंतपणात दाबलं असंल. तेल लावून दाबलं का गोल होतंय." बाळाच्या नानीने राईची छोटी उशी शिवली. राईचे दाणे डोक्याखाली सरकतात, त्याने डोके गोल होते, असे आमच्या घरात तीन पिढ्या मानत आल्या आहेत. रोज सकाळी खोबरेल तेलाने टाळू भरायची, दोन्ही हातांनी पुढून मागून डोके दाबायचे, मग धुरी आणि झोप.

दाईला आम्ही अडाणी म्हणणार नाही. तिचे बरेचसे खरेही होते. जन्माच्या वाटेतून येताना बाळाच्या कवटीची हाडे एकमेकांवर सरकतात. त्यामुळे कितीतरी बाळांची डोकी जन्मतः लांबट किंवा वाकडी दिसतात आणि थोड्याच दिवसांत आपोआप नीट होतात. एकाच कुशीवर झोपणाऱ्या बाळाचे डोके एका बाजूने चपटे होते. तेही कूस बदलत राहिले, जागेपणी पालथे घालून खेळवले, तर बहुधा सुधारते. दाईने आयुष्यभर अशीच डोकी पाहिली होती, आणि ती नीट झाल्याचे श्रेय तेलाला दिले होते. आमच्या नातवाचे डोके त्यातले नव्हते. त्याच्या कवटीचा एक सांधा मुदतीआधीच जुळून गेला होता.

हे आम्हाला फार उशिरा कळले. बाळ साडेतीन महिन्यांचे असताना आम्ही त्याला लसीसाठी नेले होते. लस टोचून झाल्यावर नर्सबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तो त्या रेघेवर थांबला. त्यांनी टेप काढून डोक्याचा घेर मोजला आणि म्हणाल्या, "चाचा, हे मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. उगाच थांबू नका." आम्ही एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वरवर पाहिले आणि सांगितले की वर्षभरात आपोआप ठीक होईल. त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. त्यांनी जे सांगितले तेच आम्हाला ऐकायचे होते. नर्सबाईंचे ऐकले असते तर मुंबई गाठावी लागली असती, जावयाला सांगावे लागले असते, विहिणीला सांगावे लागले असते. डॉक्टरांचे ऐकले तर घरी बसता येत होते. आम्ही घरी बसलो.

आणि लपवाछपवी सुरू झाली. बाळाला सतत टोपरे. उन्हाळा लागला, घामाने मान भिजली तरी टोपरे. कुवेतहून व्हिडिओ कॉल आला की आधी टोपरे नीट बांधायचे, मग फोन धरायचा. बाप म्हणायचा, "जरा त्याचे केस तरी दाखवा." नानी म्हणायची, "सर्दी आहे त्याला." मुलगी खोलीत जाऊन रडायची, ते आम्हाला ऐकू यायचे. पहिलटकरीण माहेरी येते ती सासरची अमानत असते, तिचे बाळही अमानत. ही अमानत आम्ही कशी सांभाळत होतो, याचा हिशेब एक दिवस द्यावा लागणार होता.

बोलणारे बोलत होतेच. कुणी म्हणाले, ग्रहणात हिने सुरी हातात धरली असेल. कुणी म्हणाले, नजर लागली. एक तावीज आला, मग दुसरा आला. जावई आमच्या चुलतबहिणीचा मुलगा. त्यामुळे नात्यात लग्न केल्याचे हे फळ आहे, असेही एका लग्नाच्या मांडवात आम्हाला ऐकवले गेले. प्रत्येक वेळी बोट आईकडे वळत होते. बापाचे नाव कुणी घेत नव्हते, आणि उशीर करणाऱ्या आम्हा दोघा म्हाताऱ्यांचे तर नाहीच नाही.

शेवटी मुलीनेच हे थांबवले. बाळ आठ महिन्यांचे झाले होते. एका रात्री कॉल चालू असताना तिने आमच्यासमोर टोपऱ्याची गाठ सोडली आणि फोन बाळाच्या डोक्यावर धरला. बराच वेळ तिकडून आवाज आला नाही. मग जावई एवढेच म्हणाला, "मामू, मला आधी का नाही सांगितलं?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ तेव्हा नव्हते. आजही नाही.

दोन दिवसांनी आम्ही मुंबईला निघालो. महामार्गाचे चौपदरीकरण अर्धवट पडलेले, माणगावच्या नाक्यापासूनच गाड्यांची रांग. मांडीवर बाळ, आणि टोपरे मुलीने घरीच ठेवलेले. कोकणातल्या माणसाला मोठ्या दुखण्यात मुंबईच आठवते. 1926 साली सुरू झालेले केईएम, 1929 साली सुरू झालेले मुलांचे वाडिया, या परळच्या इस्पितळांच्या ओट्यांवर आमच्या आधीच्या पिढ्यांनीही रात्री काढल्या आहेत. आम्ही मुंबईतल्या एका रुग्णालयात मेंदूच्या सर्जनांपुढे बसलो. त्यांनी बाळाच्या डोक्यावरून एकदा बोट फिरवले, आणि पुढचे सगळे सिटी स्कॅनने सांगितले.

पडद्यावर नातवाची कवटी दिसत होती. डॉक्टरांनी समजावले की बाळाची कवटी म्हणजे एक अखंड वाटी नाही. ती अनेक हाडांची असते आणि हाडांच्या मध्ये शिवणी असतात. मेंदू वाढतो तसा तो हाडांना बाहेर ढकलतो, शिवणींच्या कडेला नवे हाड तयार होते आणि कवटी मोठी होते. जन्माच्या वेळी सुमारे 35 सेंटीमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात सुमारे 46 पर्यंत जातो. एवढी झपाट्याची वाढ पुन्हा कधी होत नाही. पडद्यावर बाकीच्या शिवणी काळ्या, नागमोडी रेघांसारख्या दिसत होत्या. टाळूपासून मागे जाणारी मधली शिवण मात्र नव्हतीच. तिथे सलग हाड होते. म्हणून डोके रुंद होऊ शकत नव्हते, आणि वाढायला जागा हवी म्हणून पुढे-मागे लांबत होते. जुळलेल्या शिवणीच्या आडव्या दिशेने वाढ थांबते, हा नियम जर्मनीच्या रुडॉल्फ फिरशो यांनी 1851 सालीच मांडला होता. या आकाराला डॉक्टरांनी जे नाव दिले आहे, त्यात होडीचा ग्रीक शब्द आहे. आम्हाला पावसाळ्यात श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर उलट्या करून ठेवलेल्या होड्या आठवल्या. अगदी तसेच, वर कणा असलेले डोके.

या शिवणीला आपल्याकडे शब्द आहे, हे आमच्या लक्षात नंतर आले. दगडी भिंतीतल्या सांध्याला मराठीत दरज म्हणतात. फारसी-उर्दूत कापडाच्या शिवणीलाही तोच शब्द, आणि ती घालणारा तो दर्जी. अरबी वैद्यकात कवटीच्या सांध्यालाही दर्ज़च म्हणतात, आणि इब्न सीनांच्या 'अल-कानून'मध्ये कवटीच्या या सांध्यांचे वर्णन आहे. हजार वर्षांपूर्वी आपल्याच हकिमांनी ज्या जागेवर बोट ठेवले, तिथे आम्ही आठ महिने नुसते तेल चोळत होतो. हाड झालेली दरज कुठल्याही मालिशीने उघडत नाही, आणि राईच्या उशीनेही नाही.

मुलीने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. "माझं काही चुकलं का?" डॉक्टर म्हणाले, "नाही." सुमारे दोन ते अडीच हजार जन्मांमागे एका बाळाला हा दोष असतो. त्यात मधल्या शिवणीचा सर्वांत जास्त, आणि तो मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक. एकच शिवण जुळलेली असते तेव्हा बहुतेक घरांत आधी कुणाला तसे झालेले नसते. एपर्ट, क्रूझॉन अशा नावांचे काही आजार जनुकांतल्या बदलामुळे होतात. त्यांत अनेक शिवणी जुळतात, चेहऱ्यावर आणि काहींत हातापायांच्या बोटांवरही परिणाम दिसतो. तो बदल आई-बापांपैकी एकाकडून येतो किंवा बाळातच नव्याने होतो. आमच्या नातवात त्यातले काही नव्हते. ग्रहण, नजर, सुरी, नात्यातले लग्न, सगळी बोटे त्या एका 'नाही'ने खाली आली. मुलगी डॉक्टरांसमोरच रडली. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा आमच्यासमोर रडत होती.

मग आमचा प्रश्न. उशीर झाला का? डॉक्टर शांतपणे म्हणाले, बाळ तीन-चार महिन्यांचे असते तर लहान छेद घेऊन, दुर्बिणीतून ती हाडाची पट्टी काढता आली असती. नंतर काही महिने डोक्याला खास शिरस्त्राण. आता हाड जाड झाले आहे, आता मोठे ऑपरेशन. या कानापासून त्या कानापर्यंत छेद, हाडे काढून नव्याने मांडायची, रक्तही द्यावे लागेल. न केले तर काही मुलांत मेंदूवरचा दाब वाढतो, त्याने नजरेला धोका पोचू शकतो. नर्सबाईंनी टेप लावला तो दिवस आम्हाला आठवला. बाळ तेव्हा साडेतीन महिन्यांचे होते.

ऑपरेशनला होकार देण्याआधी घरात आणखी एक वाद झाला. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी विचारले की अल्लाहने दिलेला आकार बदलणारे आपण कोण? हा प्रश्न आमच्याही मनात होता. आम्ही मौलानांकडे गेलो. ते म्हणाले, हा शृंगार नाही, इलाज आहे. आजार ज्याने दिला त्याने इलाजही ठेवला आहे, तो शोधणे आपले काम. मग जरा थांबून म्हणाले, "आणि तो वेळेवर शोधणंही." त्यांना आमची हकीकत ठाऊक होती.

जावई सुट्टी काढून आला. रक्तपेढीत बदली रक्त द्यायला माणगावहून एसटीने चार मुले आली, तीन आमच्या मोहल्ल्यातली आणि एक शेजारच्या कुणबी घरातला. ऑपरेशनच्या सकाळी इस्पितळाच्या न्हाव्याने नातवाचे केस पुन्हा उतरवले. दहा महिन्यांत दुसऱ्यांदा. या वेळी ताटली नव्हती, केशर नव्हते. बापाने मूल मांडीवर धरले होते आणि त्याची नजर डोक्यावरून हलत नव्हती. आम्ही या वेळी दुसरीकडे पाहिले नाही.

ऑपरेशन अनेक तास चालले. बाहेर नानीची तसबीह चालू होती. दुसऱ्या दिवशी बाळाचा चेहरा इतका सुजला की डोळे मिटून गेले. याची कल्पना आधी दिली होती, तरी मुलीला बघवेना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक डोळा उघडला, मग दुसरा. आठवड्याने आम्ही घरी आलो. अल्हम्दुलिल्लाह.

आज तो शाळेत जातो, शेजारच्या मुलांशी भांडतो, मशिदीत टोपी वाकडी घालतो. केस वाढले की कानापासून कानापर्यंतचा व्रण दिसत नाही. केस कापले की दिसतो, आणि तो कुणी विचारले तर बेधडक सांगतो, "माझं ऑपरेशन झालंय." त्याच्या घरात आता कुणी काही झाकत नाही.

हे सारे लिहिण्याचे कारण एवढेच. आपल्या प्रत्येक घरात अकीका होतो. सातव्या दिवशी बाळाचे डोके पूर्ण उघडे असते आणि घरातली सगळी माणसे भोवती असतात. याहून चांगली तपासणीची वेळ दुसरी नाही. जावळ उतरले की डोक्यावरून हात फिरवा. मधोमध, कपाळावर किंवा बाजूला हाडाची उंच रेघ लागते का, कपाळ एका बाजूने चपटे आहे का, डोके फार लांबट किंवा त्रिकोणी आहे का, ते पाहा. काही दिसले तर महिनाभर वाट पाहा, पण त्याहून जास्त नको. नीट झाले नाही तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, डोक्याचा घेर मोजून लिहून घ्या, आणि एका डॉक्टराने समाधान झाले नाही तर दुसऱ्याकडे जा. बापाला पहिल्याच दिवशी सांगा, तो समुद्रापलीकडे असला तरी. आणि बाळाच्या आईकडे बोट दाखवू नका.