सासूबाई, नैनीताल आणि मी

मैत्रिणींनो, सहलीला निघताना सामानाची यादी आपण किती नेटानं करतो! औषधाच्या गोळ्या, सुईदोरा, जुने टॉवेल, लोणच्याची छोटी बरणी... सगळं कसं कागदावर. पण कुणाला बरोबर न्यायचं ती यादी आपण मनातल्या मनात करतो. तिथून एखादं नाव हळूच गाळलं तर कुणाला कळतही नाही. मी असंच एक नाव गाळायला निघाले होते. ते कसं, आणि पुढे काय झालं, तेच आज सांगायचं आहे.

२०१७ च्या मे महिन्यात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. या पंचवीस वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलो असू, तर कल्याणला सिनेमाला! वणीच्या देवीला गेलो ते सासूबाई आणि नणंदेसह, महाबळेश्वरला गेलो ते चुलतदिरांच्या आख्ख्या गोतावळ्यासह. आंबिवलीतली आमची जागा दोन खोल्यांची. त्यामुळे "या वेळी आपण दोघंच" असं यांनी म्हटलं, तेव्हा खरं सांगू, मी नव्या नवरीसारखी लाजले. नैनीताल ठरलं. हिमालय, तलाव, होड्या. अजून काय पाहिजे?

आणि तिसऱ्याच दिवशी सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "माझे पैसे आहेत ना बाळ्याकडे? मग मलाही न्या. मला हिमालय बघायचाय."

त्या पैशांची गोष्ट सांगायलाच हवी. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आपल्यापैकी कितीजणींचे डबे उघडे पडले, आठवतंय ना? आमच्याकडे सासूबाईंचा मेथीदाण्याचा डबा उघडा पडला. तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत पाचशेच्या तेवीस नोटा. सासरे कंपनीतून रिटायर झाले की दोघांनी बद्रीकेदारला जायचं, असं ठरलं होतं. ते रिटायर व्हायच्या आधीच गेले. सासूबाईंनी मात्र साठवणं थांबवलं नव्हतं. "हिमालयाचे पैसे आहेत," एवढंच म्हणून त्यांनी ते यांच्या हातात दिले, बँकेत भरायला.

हे सगळं ठाऊक असूनही मी कुरकुरले. त्यांच्यासमोर नाही, रात्री यांच्याजवळ. "त्यांचे गुडघे, तो डोंगर. पुन्हा कधीतरी नेऊ ना काशीला!" हे गप्प बसले. गप्प बसण्याचा अर्थ मला कळला, आणि तिसरं तिकीट निघालं.

कल्याणहून दिल्ली, तिथे एक दिवस थांबून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस, आणि पहाटे काठगोदाम. तिथे रूळ संपतात आणि डोंगर सुरू होतो. पुढचे पस्तीसेक किलोमीटर गाडी नुसती वळत जाते. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळपापडीच्या वड्या सासूबाईंनी दोन दिवस खपून केल्या होत्या. त्या दिल्लीपर्यंत उत्तम पुरल्या. घाटात मात्र लिंबाच्या लोणच्याची फोडच कामाला आली. वळणांच्या रस्त्याला जाणार असाल तर ती हाताशी ठेवाच.

हॉटेल ठरवताना आमची एक चूक झाली. "तलावापासून पाच मिनिटं" असं सांगितलं होतं. ती पाच मिनिटं चढाची होती! सासूबाई तीन ठिकाणी थांबल्या, पण एका शब्दानं बोलल्या नाहीत. मीच मनात म्हटलं, "सांगितलं नव्हतं का मी?"

पण तो तलाव! साडेसहा हजार फुटांच्या जवळपास उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये डोळ्याच्या आकाराचं हिरवं पाणी. सतीचा डोळा इथे पडला अशी कथा आहे, म्हणून काठावर नैनादेवी. दुसरी कथा सासूबाईंना जास्त आवडली. अत्री, पुलस्त्य आणि पुलह हे तीन ऋषी इथे आले, प्यायला पाणी मिळेना, तेव्हा त्यांनी खड्डा खणून मानससरोवराचं पाणी त्यात आणलं. "बघ, ऋषींनासुद्धा आधी पाण्याचीच सोय करावी लागली," त्या म्हणाल्या. नळाला पाणी यायच्या वेळेवर आयुष्यभर उठलेल्या बाईला ऋषींच्या कथेत दुसरं काय दिसणार?

देवळाशेजारी मोठं सपाट मैदान आहे. डोंगरात एवढी सपाटी कुठून आली, असं यांनी विचारलं, तेव्हा पुजाऱ्यांनी सांगितलं. १८ सप्टेंबर १८८० रोजी मोठ्या पावसानंतर वरचा डोंगर खचला. १५१ माणसं गाडली गेली, जुनं देऊळही गेलं. त्या दरडीच्या मातीनं ही सपाटी वाढली. त्यानंतर इंग्रजांनी डोंगरभर नाले बांधून काढले, पावसाचं पाणी मुरून पुन्हा डोंगर सुटू नये म्हणून. आजही तेच नाले पाणी तलावात आणतात, आणि त्याबरोबर आपण टाकलेला कचराही.

दुपारी होडीत बसलो. त्या उन्हाळ्यात तलाव फार उतरला होता. काठाला गाळाचे उंचवटे उघडे पडले होते. सासूबाईंनी ते लगेच हेरलं. "विहिरीची खालची पायरी दिसायला लागली की अशी कळा येते," त्या म्हणाल्या, आणि आपल्या खास हिंदीत होडीवाल्याला विचारलं, "भैया, ये पाणी कोण पिता है?"

"पूरा शहर पीता है, माताजी."

मला वाटलं होतं, तलाव म्हणजे बघायची वस्तू. गावाची पिण्याच्या पाण्याची टाकीच ती! होडीवाल्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. खोल पाण्यात प्राणवायू उरेना, मासे मरायला लागले, म्हणून २००७ सालापासून नळ्या टाकून तळाशी हवा सोडतात. "म्हणजे आजाऱ्याला ऑक्सिजन लावल्यासारखंच," सासूबाई हळहळल्या.

तेवढ्यात शेजारच्या होडीतल्या एका गृहस्थांनी वेफर्सचं रिकामं पाकीट पाण्यात टाकलं. सासूबाई एकदम कडाडल्या, "ओ भाऊ! वो उठाव! लोक पिते है ये!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सासूबाईंनी होडी तिकडे न्यायला लावली, पाकीट स्वतः उचललं, झटकलं आणि आपल्या पिशवीत टाकलं. होडीवाल्यानं हात जोडले. मग माझ्याकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "आपल्या उल्हासचं काय झालं बघितलंस ना? माझं लग्न झालं तेव्हा मोहन्याला नदीचं पाणी ओंजळीनं प्यायचो. आता नुसती जलपर्णी."

मी पंचवीस वर्षं त्या नदीच्या जवळ राहिले. तिचं पाणी कधी कुणी ओंजळीनं प्यायलं असेल, असा विचारच माझ्या मनात आला नव्हता.

आता हिमालयाचं. नैनीतालच्या मल्लीतालहून रोपवेनं स्नो व्ह्यू नावाच्या जागी जाता येतं, तिथून बर्फाची शिखरं दिसतात. आम्ही पहिल्याच दिवशी संध्याकाळी तिघंही गेलो. मे महिन्याचं धुरकट आभाळ, समोर नुसता करडा पडदा. दुसऱ्या दिवशीही तेच. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. उद्या दिसेल."

तिसऱ्या रात्री धो धो पाऊस झाला. पहाटे पाचला मी खिडकी उघडली, तर आभाळ घासून ठेवलेल्या पितळी भांड्यासारखं लख्ख! यांना उठवलं. रोपवे सुरू व्हायला वेळ होता, म्हणून पायी जायचं ठरलं. शेजारच्या खोलीत सासूबाई होत्या. रात्री त्यांचे गुडघे फार दुखत होते, मी तेल चोळून दिलं होतं. दाराशी गेले आणि थांबले. "झोपू दे बिचाऱ्यांना," मी म्हटलं.

मैत्रिणींनो, हे वाक्य किती मायेचं वाटतं, नाही? पण ते खरं नव्हतं. वर गाडीनंही जाता येतं, हे मला ठाऊक होतं. मला फक्त एक सकाळ दोघांची हवी होती.

मिळाली. झाडांमधून धापा टाकत वर पोचलो, आणि समोर ती रांग. डावीकडे त्रिशूळ, मध्ये नंदादेवी, पलीकडे नंदाकोट. पांढरं म्हणजे कसं पांढरं, ते मी तेव्हा पाहिलं. आधी शिखरांच्या टोकाला गुलाबी रंग आला, मग केशरी, मग सगळंच दुधासारखं. यांनी माझा हात धरला होता. मी सुखात होते. खोटं कशाला बोलू?

साडेसातला परतलो. सासूबाई व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. आंघोळ झालेली, वेणी घातलेली, स्वेटर, पायात मोजे आणि बूट. आमच्या दाराचा आवाज ऐकून त्या उठल्या होत्या, तयार झाल्या होत्या, आणि हाक यायची वाट बघत बसल्या होत्या.

"दिसलं का गं?" एवढंच विचारलं त्यांनी.

धावपळ करून गाडी मिळवली, वर पोचायला दहा वाजले. तोवर ढगांनी पडदा ओढला होता. सासूबाई कठड्याशी वीस मिनिटं हात जोडून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "आई, चुकलं माझं. उठवायला हवं होतं." त्या उत्तरेकडे बघतच म्हणाल्या, "अगं, ढगामागं आहेच ना तो? गेलाय थोडाच कुठे! तू सांग मला, कसा दिसला."

मग मी सांगितलं. कुठलं शिखर कुठे, कुठल्याला आधी ऊन लागलं, रंग कसे बदलले. त्या बारीकसारीक विचारत होत्या. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं त्यांनी पूर्वी कधी ऐकलं नसेल, आणि मीही त्यांना इतकं काही कधी सांगितलं नसेल.

घरी आल्यावर अल्मोड्याची बालमिठाई शेजारीपाजारी वाटली. सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या बायका हिमालयाचं ऐकायला जमल्या. मी आत चहा टाकत होते. बाहेरून त्यांचा आवाज आला, "आधी टोकाला गुलाबी होतं बरं का, मग केशरी, आणि मग सगळं दूधच दूध!" माझेच शब्द, जसेच्या तसे. मी गॅस बारीक केला आणि ऐकत राहिले. बाहेर जाऊन काही बोलले नाही. पुढे दोन वर्षं त्या हे वर्णन येईल त्याला सांगत होत्या. दरवेळी मी आतच थांबत असे.

२०१९ च्या पावसाळ्यात त्या गेल्या. बद्रीकेदार राहिलं, काशीही राहिली. नैनीतालला टिफिन टॉप नावाचं एक ठिकाण आहे, तिथे डोरोथी सीट म्हणून दगडी बैठक होती. "पुढच्या वेळी बघू" म्हणून आम्ही ते सोडलं होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये दरड कोसळून ती बैठकच गेली. बातमी वाचली तेव्हा मला बैठकीपेक्षा व्हरांड्यातली ती खुर्चीच आठवली.

तुमच्यापैकी कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन डोंगरात जाणार असाल, तर चार गोष्टी सांगते. हॉटेल तलावाच्या पातळीवर आहे का, चढ किती, हे आधी नीट विचारा. बर्फच बघायचं असेल तर मे महिन्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत जा. तेव्हा आभाळ स्वच्छ असतं. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी पर्समध्ये ठेवा, आणि तलावाकाठी गेलात की आधी विचारा, हे पाणी कोण पितं?

आणि पहाटे आभाळ लख्ख दिसलं, तर शेजारच्या खोलीचं दार वाजवा. त्या "नको" म्हणतील तर म्हणू देत. पण ते त्यांना म्हणू द्या. आपणच त्यांच्या वतीनं म्हणू नका.