गॅलरीतले रान

आमचे वारजे हे मुठेकाठचे गाव पूर्वी पुण्याबाहेरचे, शेताभाताचे. पुढे ते शहरात आले. म्हणजे शहरच त्याच्यावर येऊन बसले! जिथे पिके उभी राहत, तिथे आता आमच्यासारखी बिऱ्हाडे मजल्यामजल्यांनी उभी आहेत. तरी पहिला पाऊस आला, की याच मजल्यांवरून हटकून ना. धों. महानोरांची गाणी ऐकू येतात. कठड्यावर दोन कुंड्या, हातात चहाचा कप आणि कानांत रान! आम्हां शहरवासीयांची ही चैन मोठी स्वस्तातली आहे.

महानोरांना मात्र ते रान स्वस्तात मिळाले नव्हते. १६ सप्टेंबर १९४२ रोजी अजिंठ्याच्या डोंगरांजवळच्या पळसखेड गावी, शेतकऱ्याच्या घरात त्यांचा जन्म झाला. जळगावला कॉलेजात गेलेला हा मुलगा शिक्षण अर्धवट सोडून शेताकडे परतला. १९६७ साली 'रानातल्या कविता' प्रसिद्ध झाल्या आणि मराठी कवितेला नवाच गंध आला. निसर्ग आपल्या कवितेत आधीही होता. बालकवींनी तर तो डोळे भरून पाहिला. पण कवी बहुधा रानात पाहुणा म्हणून जाई. महानोर त्या रानाचे धनी होते आणि राबते गडीही. त्यांचा पाऊस पेरणीचा. आला तर घरात धान्य, न आला तर डोक्यावर कर्ज. म्हणूनच त्यांच्या शृंगारालाही मातीचा वास आहे. लय त्यांनी बायाबापड्यांच्या ओव्यागाण्यांतून उचलली. ती लोकगीते 'पळसखेडची गाणी' या नावाने त्यांनी संग्रहितही केली.

पुढे 'जैत रे जैत'साठी सह्याद्रीतल्या ठाकरांची गाणी त्यांनी लिहिली. हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर ती घरोघर गेली आणि पळसखेडचा कवी शहरी दिवाणखान्यांत येऊन बसला.

आमच्या शेजारी मूळचे शेतकरी असलेले एक आजोबा आहेत. एकदा ही गाणी ऐकून ते म्हणाले, "गाणं झाक हाय, पर त्या गड्यानं इहिरीला पाणी कुठनं आणलं?"

आम्ही सारे हसलो. पण विचार केला, तर आजोबांनी नेमके मर्मावर बोट ठेवले होते. महानोरांना जन्मभर याच प्रश्नाने छळले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला. १९७८ साली राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नेमले, तेव्हा तिथेही हा कवी बोलला तो पाण्याबद्दल, फळबागांबद्दल, कोरडवाहू शेतकऱ्याबद्दल. नुसता बोलला नाही; स्वतःच्या शेतात पाणी अडवून त्याने सीताफळे पिकवली. पद्मश्री, साहित्य अकादमी असे मानसन्मान आले. त्यांनी नांगर सोडला नाही.

३ ऑगस्ट २०२३ रोजी, अधिक श्रावणात, त्यांचे पुण्यातच निधन झाले. अंत्यसंस्कार मात्र पळसखेडलाच झाले. शहराने त्यांना दाद दिली, इस्पितळ दिले. माती त्यांची तिकडचीच राहिली.

आता दिवाळीच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या दिसतील. गाण्याला 'वाहवा' म्हणताना आपण हात कधी आखडीत नाही. मग डोंगरउतारावर जगवलेल्या त्या फळाचा भाव करताना चार रुपयांसाठी इतकी घासाघीस का बरे करावी? आजोबा यावर काय म्हणतील, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच यंदा पिशवी घेऊन त्यांच्याच बरोबर जाणार आहे.