आनेकलची थंडी, प्रोसेसरचा ताप

कन्नडमध्ये ‘आनेकल्लु’ म्हणजे पावसात पडणारी गार. बेंगळुरूहून होसूर रस्त्याने इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकून चंदापुऱ्याला वळलात, की या शब्दाशी जुळणारं आनेकल लागतं. डिसेंबरच्या रात्री इथे स्वेटर हवाच!

अशाच एका रात्री माझ्या मावसभावाने इथल्या खोलीवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे बायोसमध्ये जाऊन ठरलेल्यापेक्षा वेग आणि व्होल्टेज वाढवलं. सिनेबेंचच्या चाचणीत आकडा झकास आला. मे महिन्यात तोच पीसी नागपूरला घरी नेला. मावशीच्या साठीचा व्हिडिओ तयार होत असताना तो मधेच बंद पडला. अख्ख्या दिवसाचं काम गेलं.

कारण साधं आहे. पंखा कितीही मोठा असला, तरी प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली वीस अंशांनी तापली, की प्रोसेसरही जवळपास तेवढाच जास्त तापतो.

तुम्हीही हा प्रयोग करणार असाल, तर आकड्याशेजारी खोलीचं तापमान लिहा. चाचणी भर उन्हाळ्यातल्या दुपारी, अर्धा तास तरी चालवा. घरचे फोटो आधी दुसरीकडे ठेवा. थंडीतला आकडा मित्रांना दाखवायला ठीक. रोजच्या कामाला उन्हाळ्यात टिकेल तोच वेग आपला!