कात्री उघडी की मिटलेली?

दादर, रविवार

प्रिय मुक्ता,


तुझे फोटो पाहिले. फोनवर नाही, मोठ्या स्क्रीनवर, चष्मा पुसून. प्रकाश तुला कळतो, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून तू फुरंगटणार आहेस.

शिलाई मशीन, त्यावर तुझ्या बाबांचा चष्मा, शेजारी पेटती समई, झेंडूची फुलं, मागे काळा पडदा. अगं, दादा अजून रोज सकाळी नऊला स्वतः शटर उघडतो! आपल्याकडे चष्म्याशेजारी समई आणि झेंडू दिसला की माणूस खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ शोधायला लागतो. बिचाऱ्याला जिवंतपणीच भिंतीवर टांगलंस तू. समई, गडू, कंदील, गोणपाट हे सामान हल्ली जिथेतिथे फोटोत येतं, कारण ते जुनं दिसतं. पण जुनं दिसलं म्हणजे त्यात गोष्ट आली असं नाही. शिंप्याच्या दुकानात समई कुणी आणली आणि कशाला, याचं उत्तर तुझ्याकडे नसेल तर ती उचल.

आधी एवढंच ठरव: फोटोत किती वाजलेत आणि मिनिटभरापूर्वी इथे काय झालं? दादा चहाला उठलाय? ब्लाउज दंडात घट्ट झाला म्हणून कुणी तणतणत गेलंय? का रात्र झालीय, सकाळी लग्न आहे आणि हुक-काज अजून बाकी आहेत? हे ठरलं की कुठली वस्तू कुठे, हा प्रश्न निम्मा सुटतो. कात्रीच घे. उघडी कात्री घरात भांडणं आणते असं आजी म्हणायची; दादाचा त्यावर विश्वास असो-नसो, हाताला सवय लागलीय, तो कात्री मिटूनच ठेवतो. म्हणजे फोटोत मिटलेली कात्री दिसली तर तो सावकाश उठलाय. उघडी असेल, पाती अर्ध्या कापलेल्या कापडात असतील, तर कुणीतरी हाक मारलीय. बाकी सगळं तेच ठेव, फक्त कात्री बदल, दोन्ही फोटो काढून बघ.

आमच्या टेबलटॉपच्या, म्हणजे जाहिरातींसाठी वस्तूंचे फोटो काढायच्या, धंद्यात याच्या अगदी उलट चालायचं. बाटलीवर ग्लिसरीनचे थेंब फवारायचे, पुडेच्या पुडे फोडून एक बिनडागी बिस्किट निवडायचं. वस्तूला माणसाचा हात लागलेलाच नाही असं दाखवायचे पैसे मिळत. तुला नेमका तो हात हवाय. खडू झिजलेला घे, कोरा नको. धावदोरा घातलेली बाही ठेव, सुई तशीच टोचलेली.

माणूस न दाखवता वस्तूंतून त्याची गोष्ट सांगायची, हे काही आजचं खूळ नाही. इंग्लंडात हेन्री फॉक्स टॅलबट या गृहस्थाने १८४४ साली आपल्या लॅकॉकच्या वास्तूतलं एक उघडं दार टिपलं. दाराला टेकवलेला खराटा, भिंतीवर कंदील, आत अंधार. माणूस नाही. फोटोग्राफी जेमतेम जन्मली होती तेव्हा! तो खराटा मात्र झाडणाऱ्याने सहज टेकवून ठेवलेला नाही. त्याचा दांडा दारावरच्या सावलीच्या तिरकसपणाशी जुळवून घेतलाय. (कंदील तिथे चालतो, कारण आत अंधार आहे. तुझ्या समईला तसं काही कारण नाही.) अर्व्हिंग पेनचा १९४७चा फोटो ‘थिएटर ॲक्सिडेंट’सुद्धा शोधून बघ. नाटकाला आलेल्या बाईची पर्स पडलीय, छोट्या दुर्बिणीसकट तिच्या सगळ्या बारीकसारीक खासगी वस्तू जमिनीवर सांडल्यात आणि कडेला तिच्या बुटाचं टोक. चेहरा नाही, पण ती बाई कशी असेल हे आपण ठरवून मोकळे होतो. नावात अपघात असला तरी सगळं पेनने रचलेलं. त्याने सांडण्याचं सोंग इतकं चोख केलंय की रचणारा दिसत नाही. तुझ्या फोटोत मला मशीनच्या आधी तूच दिसतेस.

कधीकधी मात्र काहीच रचू नये. हिरोशिमाच्या संग्रहालयातल्या वस्तूंचे हिरोमी त्सुचिदा यांनी काढलेले कृष्णधवल फोटो आहेत. त्यात एका शाळकरी मुलाचा डबा आहे, आतलं अन्न जळून कोळसा झालेलं. डबा सरळ समोर ठेवलेला आणि सोबत डबा कुणाचा, कसा सापडला याची कोरडी माहिती. तिथे कुणी नाटकी प्रकाश टाकला असता तर मला चीड आली असती.

दुःखाची बरोबरी करत नाही, पण सरळपणाने टिपावी अशी एक वस्तू तुमच्या दुकानातही आहे: मापाची वही. एकाच गिऱ्हाइकाची छाती-कंबर खोडून नव्याने लिहिलेली, पुन्हा खोडलेली. त्या पानाला फूल नको, पडदा नको. फक्त नावं आणि फोन नंबर झाकायचे हं. बायकांची मापं आहेत ती, गावभर नाही करायची.

आता थोडं कामाचं. ट्यूबलाइट बंद कर. दाराच्या उजेडात ती मिसळली की कापडाचा रंग फसतो. सकाळचं ऊन दारातून आडवं येतं, तेव्हाच कापडाची वीण आणि टाके उठून दिसतात. सावली फार काळी पडली तर दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा धर, पण सगळी सावली पुसू नकोस. वरून खाली बघत काढू नकोस, वस्तू नमुन्याला मांडल्यासारख्या दिसतात. दादाच्या स्टुलावर बस आणि त्याच्या नजरेच्या उंचीवरून बघ. तिथून चष्मा दिसणारच नाही कदाचित. नाही दिसला तर नाही. फोन वस्तूच्या अगदी जवळ नेलास तर कडा वाकड्या होतात, तेव्हा मागे सरक आणि दुप्पट झूम कर. आणि प्रत्येक फोटोनंतर एक वस्तू काढ. गोष्ट बिघडली तर परत ठेव, नाहीतर तिची गरज नव्हती.

दादाला यातलं काही सांगू नकोस. कॅमेरा दिसला की तो आधी चिंध्या गोळा करेल, मग टेबल पुसेल, मग शर्ट बदलून येईल. साडेदहाला तो समोर चहाला जातो, तेवढ्यात उरक. फिल्टर न लावता पाठव.

तुझी,
आत्या