रिपोर्ट तर नॉर्मल आहे

"अगं, रिपोर्ट तर नॉर्मल आहे." हे वाक्य मी माझ्या पत्नीला चार वर्षं ऐकवलं. समजुतीच्या सुरात ऐकवलं, म्हणूनच बहुधा तिला त्यावर भांडताही आलं नाही.

मार्च 2018 मध्ये पुण्यात तिची थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली. पॅपिलरी कॅन्सर होता. त्यातून ती नीट बाहेर पडली आणि आम्ही साताऱ्याला परतलो. सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी, पाऊण तासाने चहा, दर सहा महिन्यांनी टीएसएचची तपासणी. मी जन्मभर बँकेत नोकरी केली. डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत आकडा बसला की माझ्या लेखी हिशेब जुळलेला असे. ओळखीत कोणाला हे ऑपरेशन सांगितलं की मी आपणहून फोन करायचो, "काही काळजी करू नका, रोज एक गोळी, बस्स." असे चार-पाच फोन तरी मी केले.

थायरॉक्सिनखेरीज तिला दिवसातून तीनदा कॅल्शियम आणि दोनदा कॅल्सिट्रिऑलची कॅप्सूल होती. पन्नाशीनंतर बायका हाडांसाठी घेतात, तशातलीच ही औषधं असं मी धरून चाललो होतो. संपली की चार दिवस आणली जायची नाहीत. थायरॉक्सिन एखाद्या दिवशी चुकलं तर काही जाणवत नाही. ते आठवडाभर रक्तात रेंगाळतं. कॅल्शियमचंही तसंच असेल, असं मी गृहीत धरलं. कोणाला विचारलं नाही.

ती सांगत होती. ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, रात्री पोटरीत गोळा येतो, काही सुचत नाही, उगाच धसका बसतो. मी तिला नाचणीची भाकरी खायला लावली, रात्री दूध दिलं. तरी तक्रार थांबेना, तेव्हा मुलीला फोनवर म्हणालो, "आई फार मनावर घेते." ती शेजारच्या खोलीत होती. तिने ऐकलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

2022 च्या उन्हाळ्यात तिला पित्ताचा त्रास सुरू झाला. मीच मेडिकलमधून ॲसिडिटीची गोळी आणली आणि रोज सकाळी आठवणीने देऊ लागलो. आषाढीचा उपास झाला, पाठोपाठ दोन दिवस जुलाब. त्या रात्री तिने मला हलवून उठवलं. "अहो, हात बघा ना." दोन्ही मनगटं वाकली होती, बोटं एकमेकांना चिकटली होती, अंगठा तळव्यात वळला होता. मी तिचा अंगठा सरळ करायला गेलो, तो होईना. तरीही रिक्षात मी तिला म्हणत होतो, "घाबरू नकोस, लांब श्वास घे."

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरबाईंनी तिच्या गळ्यावरचा व्रण पाहिला आणि विचारलं, "थायरॉइड काढलंय का? कॅल्शियम शेवटचं कधी तपासलं?" पहिल्या वर्षानंतर ते कोणी तपासलंच नव्हतं, आणि माझ्या फाइलीत तो रकाना रिकामा आहे हे मला चार वर्षांत दिसलं नव्हतं. साधारण साडेआठ ते साडेदहा असायला हवं, ते 6.4 होतं. छातीला ईसीजीच्या तारा लावून शिरेतून सावकाश कॅल्शियम दिलं. अर्ध्या तासात एकेक बोट सुटत गेलं. मी उभा राहून पाहत होतो.

थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. थायरॉइड काढताना त्या दुखावतात, त्यांचा रक्तपुरवठा तुटतो, कधी एखादी सोबतच निघते. बहुतेकांच्या काही आठवड्यांत पुन्हा कामाला लागतात; सहा महिने ते वर्ष गेलं तरी लागल्या नाहीत तर ती उणीव बहुधा कायमची. त्यांच्या हार्मोनशिवाय मूत्रपिंड कॅल्शियम धरून ठेवत नाही आणि 'ड' जीवनसत्त्वाला कामाचं रूपही देत नाही. म्हणून ते तयार रूपात, कॅल्सिट्रिऑल म्हणून, बाहेरून द्यावं लागतं. माझ्या दुधाने आणि नाचणीने ती उणीव भरून निघणार नव्हती. आणि टीएसएचच्या रिपोर्टात यातलं काहीच दिसत नाही. तो दुसऱ्याच ग्रंथीचा रिपोर्ट.

घरी आल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. दुधाच्या हिशेबाखाली, त्याच चौकोनात, तिने बारीक अक्षरात 'मुं' लिहिलं होतं. मुंग्यांचा 'मुं'. आधी आठवड्यात एखादा, मेअखेरीपासून जवळजवळ रोज. ते पान आम्ही पुण्याच्या हार्मोनतज्ज्ञांना दाखवलं. त्यांनी विचारलं, मेअखेरीस नवीन काय सुरू केलं? ॲसिडिटीची गोळी. ती घेत असलेलं कॅल्शियम कार्बोनेट होतं. ते शोषलं जायला पोटात आम्ल लागतं, आणि ते आम्ल मी रोज सकाळी बंद करत होतो.

स्वित्झर्लंडमध्ये बर्नला थिओडोर कोखर नावाचे मोठे सर्जन होते. गलगंडासाठी ते थायरॉइड पूर्ण काढत आणि ऑपरेशन यशस्वी झालं असं मानत. पुढे त्यांनी जुन्या रुग्णांना परत बोलावून तपासलं, तेव्हा त्यातले अनेक सुजलेले, मंदावलेले आढळले. 1883 मध्ये त्यांनी हे भर परिषदेत सांगितलं. 1909 चं नोबेल त्यांना याच ग्रंथीवरच्या कामासाठी मिळालं. मला त्यांचं ते परत बोलावणं फार मोठं वाटतं. माझा रुग्ण तर रोज समोर ताट वाढत होता.

आता कॅल्शियम मुद्दाम मर्यादेच्या खालच्या टोकाशी ठेवतो. जास्त चढलं तर लघवीतून जाऊन मूत्रपिंडात खडे होतात. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर. तीन महिन्यांनी रक्त, वर्षातून एकदा चोवीस तासांची लघवी. कॅप्सूलचं एक जादा पाकीट कायम घरात. ते फोन मी पुन्हा केले. त्यांतल्या एका घरी बाईंना मुंग्या येतच होत्या.

तुमच्या घरात कोणाचं थायरॉइड काढलं असेल आणि ते माणूस ओठांभोवती मुंग्या येतात म्हणालं, तर टीएसएचचा कागद दाखवू नका. त्याच दिवशी रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्या.