अजून एक डिव्हिजन

श्रीलंकेत आपली शांतिसेना का अपयशी ठरली, या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आलो: सैन्य कमी पडलं. संरक्षणशास्त्राच्या वर्गात तेच शिकवलं, दिवाळी अंकांत तेच लिहिलं, व्याख्यानमालांत तेच ठासून सांगितलं. ते उत्तर चुकीचं होतं, आणि पडताळून पाहायला लागणारी सगळी माहिती माझ्याच कपाटात होती.

माझा सगळा युक्तिवाद ऑक्टोबर 1987 वर उभा होता. 29 जुलैला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या आणि 54 इन्फन्ट्री डिव्हिजन जाफन्यात उतरली ती तमिळ बंडखोरांची शस्त्रं जमा करून घ्यायला, लढायला नव्हे. पलटणी अपुऱ्या, जड शस्त्रं मोजकी. अडीच महिन्यांत त्या बंडखोरांतल्या लिट्टेशीच युद्ध जुंपलं. 11 ऑक्टोबरच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या आवारात 13 शीख लाइट इन्फन्ट्रीचे 30 जवान हेलिकॉप्टरमधून उतरवले. वरून येणारी कुमक गोळीबारामुळे उतरूच शकली नाही. 29 जण पडले, एक पकडला गेला. हा प्रसंग सांगितला की सभागृह सुन्न व्हायचं, आणि त्याच क्षणी मी म्हणायचो, ‘अजून एक डिव्हिजन असती तर!’ जाफन्याच्या त्या पहिल्या आठवड्यांपुरतं ते पटण्यासारखं आहे. मी ते अडीच वर्षांच्या युद्धाला लावून मोकळा झालो.

पुढे इराक आणि अफगाणिस्तानवर लिहिताना अमेरिकन लष्कराच्या 2006 च्या पुस्तिकेतला ठोकताळा माझ्या हाती आला: हजार लोकसंख्येमागे वीस सैनिक. मी देशोदेशींच्या युद्धांचा तक्ता करायला घेतला, त्यात श्रीलंकाही घातली. 1981 च्या जनगणनेनुसार उत्तर आणि पूर्व प्रांत मिळून माणसं सुमारे 20 लाख, म्हणजे ठोकताळ्याने 40 हजार सैनिक पुरेसे. नंतर 36, 57 आणि 4 या डिव्हिजन दाखल झाल्यावर शांतिसेना 70 हजारांच्या पुढे गेली होती. गरजेच्या जवळजवळ दीडपट-दुप्पट. म्हणजे मी जी डिव्हिजन मागत होतो ती आली होती, तिच्यामागून आणखीही आल्या होत्या, आणि तरीही लिट्टेचा म्होरक्या प्रभाकरन जंगलात शाबूत राहिला. आपले जवळपास 1,200 जवान गेले.

छापायला देताना मी श्रीलंकेची ओळ तक्त्यातून काढून टाकली. मनाला कारण दिलं की निम्मं सैन्य रसद आणि दळणवळणात अडकलेलं असतं, वन्नीचं जंगल दाट आहे, तुलना नीट बसत नाही. पण हीच सवलत मी बाकीच्या देशांना दिली नव्हती.

साताऱ्याकडच्या एका व्याख्यानानंतर एक निवृत्त सुभेदार भेटायला आले. वाद घालायला नव्हे, सांगायला. रोज सकाळी रस्ता उघडायचा म्हणजे काय, ते त्यांनी टेबलावर बोट फिरवून दाखवलं: पुढे सुरुंग शोधणारे, दोन्ही बाजूंना शेतातून चालणारे, प्रत्येक मोरीपाशी थांबून खाली वाकून बघायचं. वाटेत पोरं खेळताना दिसली नाहीत की ओळखायचं, आज काहीतरी पुरलंय. “सर, गावाला ठाऊक असायचं. आम्हाला सांगत नव्हते. आम्ही जाणार, ते राहणार, हे त्यांना कळत होतं. माणसं दुप्पट केली असती तर आम्ही दोन रस्ते उघडले असते.” मी म्हणालो, “सुभेदारसाहेब, हे मी लिहायला हवं होतं.” ते काही बोलले नाहीत.

आम्ही जाणार, हे नंतर कोलंबोनेच जाहीर केलं. जून 1989 मध्ये श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदासांनी आपल्याला परत जायला सांगितलं, आणि ज्यांच्याशी आपण लढत होतो त्या लिट्टेला त्यांच्याच सरकारने शस्त्रं पुरवली. ज्याच्या घरात लढायचं तो घरधनीच दुसऱ्या बाजूला गेल्यावर हजारामागे वीस काय आणि चाळीस काय! 25 नोव्हेंबर 1987 ला मेजर रामस्वामी परमेश्वरन आठव्या महार पलटणीतून लढताना पडले, त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या पलटणीकडून आणखी काय मागायचं राहिलं होतं? जे कमी होतं ते दिल्ली आणि कोलंबोत कमी होतं, आणि मी त्याचा हिशेब जवानांच्या संख्येवर मांडत राहिलो.

हे उमगल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. ओमानमधल्या धोफारच्या बंडाविरुद्धच्या युद्धाचा दाखला देऊन लिहिलं की मूठभर परके सैनिक पुरतात. ब्रिटिश तिथे खरोखरच थोडे होते. पण इराणच्या शहाने हजारो सैनिक धाडले होते, ते मी एका वाक्यात उरकलं. मुख्य म्हणजे 1970 मध्ये गादीवर आलेल्या सुलतान काबूसने शरण येणाऱ्यांना माफी दिली, त्यांच्याच टोळ्या उभ्या करून आपल्या बाजूने लढवल्या, डोंगरात विहिरी खोदल्या, आणि तो कुठेही जाणार नव्हता. मदतीला आलेल्यांची संख्या थोडी असून चाललं, कारण युद्ध त्याचं होतं.

सर्वांत जास्त टोचतं ते वेगळंच. तमिळ नॅशनल आर्मीबद्दल मी कौतुकाने लिहिलं होतं: स्थानिक बळ उभारण्याची योग्य कल्पना, फक्त उशिरा सुचलेली. उत्तर-पूर्व प्रांतातल्या वरदराज पेरुमाल यांच्या सरकारला टेकू म्हणून आपल्या आशीर्वादाने उभ्या राहिलेल्या त्या सेनेत पोरं रस्त्यावरून, घराघरांतून उचलून भरली होती. माझ्या लेखी ती संख्याबळ वाढवण्याची सोय होती. 24 मार्च 1990 ला त्रिंकोमालीहून आपली शेवटची तुकडी निघेपर्यंत ती सेना कोसळलेली होती. लिट्टेने त्या पोरांना वेचून मारलं, काही होड्यांतून तमिळनाडूत पळून आली. विद्यार्थ्यांना द्यायच्या टिपणात मी तक्त्यातली श्रीलंकेची ओळ परत घातली आहे. या पोरांचा परिच्छेद अजून लिहून होत नाही. त्यांना तिथे सोडून येण्याच्या निर्णयाला मी ‘सन्मानाने माघार’ असं छापलेलं आहे.