चॅसी क्रमांकाचा इतिहास आणि मालकीची अट

जुन्या मोटारीचा पूर्वेतिहास तिच्या चॅसी क्रमांकाखाली नोंदवून ठेवलेला असतो. मात्र तो गाडी घेऊ पाहणाऱ्यास मिळत नाही, घेऊन बसलेल्यास मिळतो, आणि ही व्यवस्था प्रस्तुत लेखकास आजही खटकते.

चॅसी क्रमांक म्हणजे कारखान्यातच गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेली, अक्षरे व अंक मिळून १७ स्थानांची ओळ होय. १ आणि ० यांच्याशी घोटाळा होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे तिच्यात वापरत नाहीत, आणि पहिल्या तीन स्थानांवरून उत्पादक ओळखता येतो; उदाहरणार्थ, एमएटी म्हणजे टाटा मोटर्स. आरसी बुकातील क्रमांक सांगाड्यावरील क्रमांकाशी तंतोतंत जुळतो का, ठोकलेली अक्षरे सरळ रेषेत आहेत का, भोवती वेल्डिंगच्या खुणा दिसतात का, हे पाहणे ही पहिली पायरी. आणि 'वाहन' या केंद्रीय नोंदवहीत मालक कितवा, कर्जाचा बोजा उतरला आहे का, विमा कधीपर्यंतचा, हे तपासणे ही दुसरी.

लेखकाने पुण्यात पाहिलेली, एमएच-१० म्हणजे सांगलीच्या नोंदणीची गाडी या दोन्ही पायऱ्यांवर निर्दोष ठरली. तथापि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता आणि गाडीची नोंदणी त्याआधीची होती, म्हणून चॅसी क्रमांक घेऊन त्या उत्पादकाचे अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठले गेले. तेथील कर्मचाऱ्याने क्रमांक संगणकात घातला, पडद्यावर उमटलेली माहिती सावकाश वाचली, आणि मग नोंदलेल्या मालकाच्या मोबाइलवर जाणारा ओटीपी मागितला. ओटीपी नसेल तर काहीही सांगता येणार नाही, निदान गाडी पुरातली आहे की नाही एवढेसुद्धा नाही, असे त्याने सौम्यपणे पण ठामपणे सांगितले. मालकाचा नंबर देण्यास विक्रेता तयार नव्हता. 'गाडीला पाणी लागलेलं नाही, साहेब' हे त्याचे एकमेव उत्तर होते. गाडी नावावर झाल्यानंतर त्याच काउंटरवर, त्याच कर्मचाऱ्याने, तोच क्रमांक घालून, लेखकाच्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीच्या आधारे जो कागद छापून दिला, त्यात ऑगस्ट २०१९ची नोंद होती: पाणी डॅशबोर्डपर्यंत, दुरुस्तीचे अंदाजपत्रक तयार, दुरुस्ती झालेली नाही. म्हणजे विसार देण्याआधी जी माहिती हाताच्या अंतरावर असूनही गुप्त होती, ती पूर्ण किंमत मोजल्यावर विनासायास मिळाली.

दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला, की विमा कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरून भरपाई देते आणि ते धूड भंगार म्हणून विकले जाते. नोंदणी रद्द झाली नाही, तर तीच गाडी कोठेतरी धुऊनपुसून, जुन्याच आरसीवर, पुन्हा बाजारात उभी राहते. अमेरिकेत अनेक राज्यांत अशा गाडीच्या मालकीपत्रावर तसा शेरा मारतात आणि तेथे क्रमांकावरून तो शोधता येतो. आपल्याकडे लेखकाच्या हाती आलेल्या आरसीवर अशा शेऱ्याचा मागमूसही नव्हता.

येथे एक विसंगती मान्य करावी लागते. ज्या ओटीपीच्या अटीचा लेखकास इतका संताप आला, तीच अट गाडी स्वतःच्या नावावर होताच त्यास आश्वासक वाटू लागली, कारण त्या नोंदींत मालकाचा पत्ता, मोबाइल आणि गाडी कधी कोठे होती याचा तपशील असतो, आणि तो रस्त्यावरील कोणाही माणसाच्या हाती पडावा असे कोणास वाटेल? परंतु गाडी बुडाली होती ही गोष्ट मालकाची खासगी बाब नव्हे, ती गाडीची अवस्था आहे, आणि ती चॅसी क्रमांकासमोर सरकारी नोंदवहीत उघडपणे दिसावयास हवी.

तोपर्यंत वाचकांनी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का आणि सीटखालील बोल्ट गंजले आहेत का ते पाहावे, आणि विसाराचा एक रुपयाही देण्यापूर्वी नोंदलेल्या मालकाला सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभे करून त्याच्याच ओटीपीने इतिहास काढून घ्यावा. तो येण्यास तयार नसेल, तर ती गाडी घेऊ नये.